पंचगंगा 43 फुटांवर : गारगोटीत बसून हा आकडा कसा वाचायचा?

जुलै लागला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : 'राजाराम बंधारा, पाणी पातळी अमुक फूट'. इथे इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं.

पण हा आकडा आहे कसबा बावड्याजवळच्या बंधाऱ्याचा, म्हणजे पंचगंगेचा. गारगोटी आहे वेदगंगेच्या काठावर. वेदगंगेला पाणी येतं पाटगावच्या डोंगरातून आणि पुढे ती दूधगंगेला मिळते, पंचगंगेला नाही. त्यामुळे बावड्यात पाणी धोका पातळीच्या खाली असलं म्हणून भुदरगड तालुक्यातले ओढे आणि पूल सुरक्षित आहेत असं होत नाही.

गारगोटीकरांनी दोन गोष्टी बघायच्या. एक, पाटगाव धरणातून किती विसर्ग सुरू आहे. दोन, हवामान विभागाच्या अंदाजात 'कोल्हापूर' बरोबर 'कोल्हापूर घाट' या ओळीला कोणता रंग आहे. शहरात यलो आणि घाटात रेड असं बऱ्याचदा असतं, आणि आपल्या नदीचं पाणी घाटातूनच येतं. 24 तासांत 64.5 मिमीपासून 'मुसळधार', 115.6 पासून 'अति मुसळधार' आणि 204.4 च्या वर 'अत्यंत मुसळधार' धरतात.

'सचेत' ॲप लोकेशननुसार इशारे देतं, ते ठेवाच. केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया'सुद्धा चांगलं आहे, फक्त त्यात आयोगाचीच केंद्रं दिसतात, म्हणून आपल्या नदीचं केंद्र आहे का ते आधी तपासा. आणि स्क्रीनशॉट फॉरवर्ड करताना त्यावरची तारीख-वेळ बघा राव! मागच्या वर्षीचा पूर दर वर्षी नव्याने येतो.

क्युसेक म्हणजे किती?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर पाणी. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक सुटतं, म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चार टँकर. टीएमसी हे साठ्याचं माप : एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे 2831 कोटी लिटर.

नदी लांब, तरी गल्लीत पाणी कसं?

यासाठी कोणत्याही ॲपवर आकडा नाही. शहरातलं पावसाचं पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं. नदी चढली की नाल्याचं तोंड बंद होतं आणि पाणी उलटं फिरतं. कोल्हापुरात जयंती नाल्याकाठचा सुतारवाडा पुरात लवकर बुडतो तो यामुळेच. तालुक्याच्या गावांतही आता अंगणात काँक्रीट आणि गटारात प्लास्टिक. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 100 मिमी पाऊस पडला तर सुमारे 9,300 लिटर पाणी होतं. मातीत यातलं बरंचसं मुरलं असतं, काँक्रीटवरून सगळं एकदम गटारात येतं.

पाऊसही बदललाय. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे 7 टक्के वाढते. पुण्याच्या आयआयटीएममधल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातल्या मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. गटारं मात्र जुन्या पावसाच्या हिशोबाची.

गल्लीतलं पाणी हे नुसतं पावसाचं पाणी नसतं. त्यात रस्त्यावरचं ऑइल, कचरा, जनावरांचं मूत्र आणि भरून वाहणाऱ्या शौचालयाच्या टाक्यांचं मैलापाणी मिसळलेलं असतं. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोचे जंतू शिरतात, म्हणून रील काढायला या पाण्यात उतरू नका. उतरावंच लागलं तर बूट घाला, नंतर साबणाने पाय धुवा. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला तर पुराच्या पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. विहिरीत किंवा बोअरमध्ये पुराचं पाणी शिरलं असेल तर ब्लीचिंग पावडर किती टाकायची हे आरोग्य केंद्रात विचारा. तोवर खळखळून उकळलेलंच पाणी प्या.