सहा टक्क्यांचा हिशेब

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की हा आकडा आला कुठून, हे विचारायचेच राहून जाते. १९६८च्या शैक्षणिक धोरणात तो आहे, २०२०च्या धोरणातही आहे. मधल्या बावन्न वर्षांत तो गाठला गेला नाही. त्यामागचे गणित मांडून पाहिले, तर मला त्या अपयशाइतकीच दुसरीही एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शाळेला किती पैसा लागतो, हा प्रश्न आपण मुलापासून सोडवायला सुरुवात केली आणि तिजोरीपाशी आणून सोडला.

मुलापासून केलेला हिशेब गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी केंद्रीय कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. शाळेत जाण्याच्या वयाचे मुलगे सुमारे सव्वाशे लाख आणि दर मुलामागे वर्षाला पाच रुपये, म्हणजे सव्वासहा कोटी. चालू खर्च वजा जाता साडेचार कोटी नव्याने उभे करायचे. त्यांतले तीन कोटी सरकारने द्यावेत, दीड कोटी स्थानिक संस्थांनी. महिना दहा रुपयांपेक्षा जास्त मिळकत नसलेल्या पालकाकडून फी घ्यायची नाही, असेही कलम होते. पैसा कुठून आणणार, या प्रश्नालाही त्यांच्याकडे उत्तर होते: आयात जकात पाच टक्क्यांवरून साडेसात टक्के करावी. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. या हिशेबात मोठी उणीव होती, कारण मुली त्यात नव्हत्या. पण त्याचा एकक मूल होता, म्हणून ती उणीव आज आपल्याला बोट ठेवून दाखवता येते.

सहा टक्के आले कोठारी आयोगाकडून (१९६४-६६). आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरचे जे. पी. नाईक. आयोगाने वीस वर्षांचा अंदाज बांधला. राष्ट्रीय उत्पन्न दरसाल सहा टक्क्यांनी वाढेल, लोकसंख्या २.१ टक्क्यांनी वाढेल आणि शिक्षणाचा वाटा २.९ टक्क्यांवरून सहावर जाईल. तसे झाले, तर दरडोई शैक्षणिक खर्च स्थिर किमतींनुसार १२ रुपयांवरून १९८५-८६मध्ये ५४ रुपयांवर पोचेल. म्हणजे सहा टक्के हा या मांडणीचा एक पाय होता, उत्पन्नवाढ हा दुसरा. त्या वीस वर्षांत उत्पन्न साधारण साडेतीन ते चार टक्क्यांनीच वाढले. हा वेग धरून मी तेच गणित पुन्हा केले. सरकारने सहा टक्के पुरेपूर दिले असते, तरी दरडोई खर्च पस्तीस रुपयांच्या आसपासच राहिला असता. ५४ रुपये विस्मरणात गेले, सहा टक्के घोषणेत उरले.

मुलापासून मोजण्याची संधी पुन्हा १९९९मध्ये आली. तपस मजुमदार समितीने सर्व मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी दहा वर्षांत सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपये जादा लागतील, असे सांगितले. शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारी घटनादुरुस्ती पुढे आली, तेव्हा विधेयकाच्या आर्थिक निवेदनात वर्षाला ९,८०० कोटी धरले होते. दहा वर्षांचे ९८ हजार कोटी. हक्क पूर्ण, रक्कम मात्र पावपटीहून अधिक कमी.

ही काटछाट वर्गात कशी दिसते? सर्व शिक्षा अभियानाचा निकष होता चाळीस मुलांमागे एक शिक्षक. २००९च्या कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तो तीसवर आणला. १२० मुलांच्या शाळेत पहिल्या निकषाने तीन शिक्षक पुरतात, दुसऱ्याने चार लागतात. शाळेच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगाराचा असतो. त्यामुळे निकष बदलला की रक्कम बदलते, आणि रक्कम आधी ठरली की निकष मुकाट्याने खाली येतो.

सहा टक्क्यांची मागणी चुकीची आहे, असे मी म्हणत नाही. पण तो आकडा उत्तराच्या जागी यायला हवा. आधी विचारायचे ते असे, की एका मुलाला नीट शिकवायला काय काय लागते आणि त्याची आजची किंमत किती. गोखल्यांनी ११५ वर्षांपूर्वी सुरुवात तिथूनच केली होती.