दोन बागा आणि एक शिष्यवृत्ती

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिष्यवृत्तीचे पैसे वेळेत जमा झाले नाहीत, म्हणून कॉलेजनं माझा निकाल अडवून ठेवला होता. खिडकीवर एकच उत्तर मिळायचं, ‘पोर्टलवर स्टेटस बघ.’ मी दिवसातून दहादा बघत होतो. तेव्हाच डोक्यात आलं, की मॅट्रिकनंतरची ही शिष्यवृत्ती मुळात सुरू कशी झाली? शोधत शोधत मी मुंबईतल्या एका बागेत पोचलो.

शाळकरी भीमराव आंबेडकर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथं येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना हेरलं. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे कॉलेजात असताना घरचा पैसा पुरेना. केळुसकरांनीच त्यांची सयाजीराव गायकवाडांशी भेट घडवली. महाराजांनी दरमहा २५ रुपये सुरू केले आणि १९१२ साली एल्फिन्स्टनमधून बी. ए. झालं.

१९१३ साली त्याच संस्थानानं त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. बदल्यात शिक्षण संपल्यावर १० वर्षं संस्थानाची नोकरी करायची. आपल्या भाषेत सांगायचं तर बाँड.

मुदत संपली तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धाच झाला होता. तो सोडून १९१७ साली आंबेडकर बाँड पाळायला बडोद्यात आले. नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. अस्पृश्याला खोली कोण देणार? पारशी नाव सांगून ते एका पारशी उतारूगृहात राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. दोन मित्रांकडे विचारलं, दोघांनीही टाळलं. शेवटी ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले.

मी या प्रसंगापाशी बराच वेळ थांबलो. पहिल्या बागेत त्यांना शिष्यवृत्तीपर्यंत नेणारा माणूस भेटला. दुसऱ्या बागेत कळलं, की शिष्यवृत्ती फी भरते, पण डोक्यावर छप्पर देत नाही. अमेरिकेत शिकून आलेल्या माणसालाही नाही.

अर्धा राहिलेला अभ्यास पूर्ण करायला ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज, एवढ्यावर.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारला निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराजांची भेट नको, केळुसकर नकोत, बाँड नको. नियमात बसलात की पैसे मिळणार. मर्जी संपून हक्क सुरू झाला तो इथं.

छपराचा प्रश्न मात्र मागे राहिला. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना जेवण आणि खोलीसाठी पैसे देणारी राज्य सरकारची स्वाधार योजना सुरू झाली २०१६-१७ मध्ये. बडोद्याच्या त्या रात्रीनंतर जवळपास १०० वर्षांनी. तिला आंबेडकरांचंच नाव आहे.

आणि केळुसकर? कागदावर त्यांची गरज संपली, प्रत्यक्षात नाही. मला फॉर्मबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते होस्टेलमधल्या एका सीनियर दादानं. उत्पन्नाचा दाखला आधी काढ, बँक खात्याला आधार जोडून घे, शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस. हे त्यानं सांगितलं नसतं, तर मला हक्क असूनही मिळाला नसता.

माझा निकाल शेवटी हातात आला. आता दर वर्षी ॲडमिशनच्या दिवसांत मी एक रविवार मोकळा ठेवतो. गावाकडची चार-पाच मुलं फोन करतात आणि आम्ही मिळून महाडीबीटीचे फॉर्म भरतो. तुम्ही कॉलेजात असाल, तर आपल्या मागच्या वर्गातल्या एकाला तरी विचारा, ‘फॉर्म भरलास का?’