‘पट्टी’ या शब्दावरील तळटीप

* पट्टी : विमानवाहतूक-नियंत्रकाच्या मेजावरील, एकेका विमानाचा मार्ग, उंची व अपेक्षित वेळ दर्शविणारा कागदाचा अरुंद तुकडा. दप्तरातला हा अवशेष संगणकाने सहज हद्दपार करावा, अशी अभियंत्यांची समजूत होती. परंतु १९९० च्या सुमारास लँकेस्टर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट ड्रेटन येथील केंद्रात नियंत्रकांशेजारी ठाण मांडून बसले, तेव्हा आढळले की, ज्या विमानाकडे विशेष लक्ष पुरवायचे त्याची पट्टी नियंत्रक चौकटीत किंचित तिरकी सरकवून ठेवतो आणि शेजारच्या सहकाऱ्यास ती खूण न विचारता उमगते. पट्ट्या हाताने लावण्याचा, वरकरणी निव्वळ कालापव्यय भासणारा खटाटोपच प्रत्येक विमानाची दखल घ्यावयास लावतो. ग्रंथकर्त्याने तिला ‘चिठोरा’ म्हटले आहे. ते आम्ही, नाइलाजाने, तसेच ठेवले आहे. — संपादक