शब्द फायलीत नसतो, काम असतं : कचऱ्याच्या ट्रान्स्फर स्टेशनचा इतिहास कसा वाचायचा?

‘शहरानं कचऱ्याचं ट्रान्स्फर स्टेशन बांधावं का?’ हा प्रश्न ऐकला की वाटतं, हे इंजिनीअरचं काम, इतिहासवाल्यांचा इथे काय संबंध? मलाही आधी तसंच वाटायचं. पण हा प्रश्न थोडा उकलून बघितला, तर संशोधनाचा प्रश्न कसा घडतो हेच त्यातून शिकायला मिळतं.

आधी व्याख्या. घंटागाड्या गल्लीबोळातून कचरा आणतात, एका जागी रिकाम्या होतात आणि तिथून तो मोठ्या बंदिस्त गाडीतून पुढे जातो. ती मधली जागा म्हणजे ट्रान्स्फर स्टेशन. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत त्याची व्याख्या जवळपास अशीच आहे. हिशोब साधा आहे. कचरा लांब न्यायचा असेल तर लहान गाड्यांच्या फेऱ्या परवडत नाहीत. जवळच न्यायचा असेल तर तोच कचरा दोनदा उचलणं म्हणजे फुकटचा खर्च. म्हणजे ‘बांधावं का’ या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न आहे : कचरा जाणार कुठे, आणि तिथे कोण राहतं?

आता मुंबई बघा. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातली घाण हा प्रशासनाचा ऐरणीवरचा विषय झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुर्ला–चेंबूर रेल्वेमार्ग टाकला गेला तो कचरा वाहण्यासाठी. प्रवासी त्यावरून १९२४ मध्ये जाऊ लागले. आधी कचरा, मग माणसं! जुन्या कागदांत ‘ट्रान्स्फर स्टेशन’ हा शब्द शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. पण रस्त्यावरचा कचरा रेल्वेच्या डब्यात कुठेतरी भरावाच लागत होता ना? ती जागा, तिथले मजूर, तिथला वास, हाच आपला विषय. म्हणून पहिला धडा : शब्द शोधू नका, काम शोधा.

१९२७ पासून देवनारला कचरा पडतोय. तेव्हा ते ‘शहराबाहेर’ होतं. पुढे शहरच तिथवर पोचलं. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात देवनार ज्या एम-पूर्व प्रभागात येतं, तो सगळ्यात तळाशी होता. हे सगळं कचऱ्यामुळेच झालं असं म्हणणं घाईचं ठरेल. शहरातून हटवलेल्या लोकांचं पुनर्वसनही त्याच भागात झालं. नकोसा कचरा आणि नकोशी ठरवलेली माणसं एकाच दिशेला का पाठवली गेली, हा खरा संशोधनप्रश्न आहे.

आपल्या मराठवाड्यात या. औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर) कचरा काही दशकं नारेगावला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पूर्वेला अडलेला कचरा पश्चिमेला मिटमिट्याकडे नेला, तर ७ मार्चला तिथे दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशा विकेंद्रित प्रक्रिया केंद्रांचा मार्ग धरला गेला. पालिकेच्या कागदांत हा ‘कचराकोंडी’चा इतिहास आहे. नारेगावच्या बाजूनं बघितलं तर कोंडी आधीची होती, २०१८ ला ती फक्त शहराच्या वाट्याला आली. दुसरा धडा : घटनेची सुरुवात कुठून धरायची, यातच तुमची बाजू ठरते.

मग अंबडचं काय? समजा, अंबडनं असं स्टेशन बांधावं का, असा प्रश्न उद्या आला. प्रक्रिया गावाच्या कडेलाच होणार असेल तर स्टेशनची गरज नाही. पंचवीस-तीस किलोमीटरवर जालन्याला एकत्रित प्रकल्पात कचरा द्यायचा असेल, तर गरज पडू शकते. पण मग जालन्याच्या कडेचं कोणतं गाव तो झेलणार, हे आधी विचारावं लागेल.

आणि याचा इतिहास लिहायचा तर कागद कुठे? १९४८ पर्यंत अंबड निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. म्हणजे एका तालुक्याच्या गावासाठी हैदराबादचं पुराभिलेखागार, औरंगाबाद आणि जालना अशा तीन ठिकाणी धागे शोधावे लागतील. जुन्या कारभाराची भाषा उर्दू होती, म्हणून ती लिपी शिकण्याला पर्याय नाही. नगरपरिषदेचे ठराव जरूर वाचा, पण ठरावात कचरा ‘उचलला जातो’ एवढंच असतं. कोण उचलतं, कोणत्या जातीचं, किती पगारावर, हे बहुधा नसतं. ते सफाई कामगारांच्या घरी बसून ऐकावं लागतं. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, म्हणून तिथल्या कचरावेचक बायकांचा आवाज नोंदींत आला. लहान गावांत अशी संघटना नसेल, तर ती नोंद करणं आपल्यावर येतं.

तुमचा प्रस्ताव लिहाल तेव्हा एवढं करून बघा. नकाशावर गाव मांडा, कचरा निघतो तिथून तो पडतो तिथपर्यंत रेघ ओढा. मग त्या रेघेवर राहणाऱ्या प्रत्येक वस्तीला विचारा : हे ठरलं तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं होतं का?