मुलांना आई-वडील दोघांचं आडनाव लावता येतं का? कायदा काय म्हणतो आणि कागद कुठे अडतात

समजा, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, किन्हीराजा गावात एका घरी मुलगी झाली. आईच्या माहेरचं आडनाव वानखडे, वडिलांचं इंगोले. दोघांनी ठरवलं की मुलीचं आडनाव 'वानखडे-इंगोले' ठेवायचं. घरातल्या म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न असेल, "असं चालते का?"

चालतं. मुलानं वडिलांचंच आडनाव लावलं पाहिजे, असं सांगणारा कायदा भारतात नाही. आपण पाळतो ती रूढी. खरी अडचण पुढे, कागदपत्रांत येते.

ही आडवी रेघ आपल्याला नवी नाही

जोड आडनाव म्हणजे शहरातलं किंवा परदेशातलं फॅड, असं अनेकांना वाटतं. पण फलटणचे नाईक-निंबाळकर, लोणीचे विखे-पाटील, अकलूजचे मोहिते-पाटील ही सगळी जोड आडनावंच आहेत. पाटील हे गावच्या वतनाचं पद. कुळाच्या आडनावाला पद किंवा मान जोडून ही नावं झाली. मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं गेलं, तरी आडनावातला पाटील राहिला. त्याबद्दल कुणी कधी "हे कसलं लांबलचक नाव" असं म्हटलेलं ऐकलं नाही. भुवया वर जातात त्या रेघेच्या एका बाजूला आईचं माहेर आलं की.

लग्नानंतर दोन्ही आडनावं लावणाऱ्या बायका आता पुष्कळ आहेत. माधुरी दीक्षित-नेने हे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. पण बाईनं स्वतः दोन आडनावं लावणं वेगळं आणि मुलांना ती देणं वेगळं. बहुतेक घरांत आईचं जोड आडनाव तिच्यापाशीच थांबतं.

२०२४ चा शासन निर्णय वेगळा आहे

सोशल मीडियावर इथे हमखास गोंधळ होतो. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं केलं. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी क्रम असा ठरला: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे 'अनुष्का सुनीता राजेश इंगोले'.

यात आलं ते आईचं पहिलं नाव. तिचं आडनाव नाही. शेवटचं आडनाव कुणाचं आणि एक की दोन, यावर हा क्रम काही बोलत नाही. शाळा, परीक्षा, महसूल, नोकरी अशा कागदांसाठी हा निर्णय आहे. जन्म-मृत्यू नोंदवहीचा कायदा केंद्राचा असल्यामुळे त्या नोंदीबद्दल केंद्राशी बोलण्याचं काम सार्वजनिक आरोग्य विभागाकडे देण्यात आलं.

दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर नाव होतं 'अनुष्का सुनीता राजेश वानखडे-इंगोले'. फॉर्मच्या रकान्यात ते मावेल का, हा अगदी साधा पण खरा प्रश्न आहे.

कोर्ट काय म्हणालं?

जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अकेला ललिता यांच्या खटल्यात निकाल दिला. पतीच्या निधनानंतर त्यांनी दुसरं लग्न केलं होतं आणि मुलाला नव्या घराचं आडनाव लावलं होतं. सासरच्यांनी हरकत घेतली. वडिलांच्या मागे आई हीच मुलाची नैसर्गिक पालक आहे आणि आडनाव ठरवण्याचा हक्क तिला आहे, असं न्यायालयानं सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयासमोर एका बापाची तक्रार होती की मुलीच्या नावापुढे आपलंच आडनाव हवं. वडील मुलीचे मालक नाहीत, मुलीला आईचं आडनाव हवं असेल तर ती लावू शकते, असं तिथे म्हटलं गेलं.

या निकालांमध्ये जोड आडनावाचा प्रश्न थेट नव्हता. पण वडिलांचं आडनाव हीच एकमेव वाट आहे, हा समज त्यांनी मोडला. आई-वडील दोघं राजी असतील तर कोर्टाची पायरी चढायचं कारणच नाही.

पहिला कागद नीट करा

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीत, ग्रामसेवकाकडे होतं. दवाखान्यात जन्म झाला असेल तर नोंद कुठे पाठवली ते तिथेच विचारून घ्या. नाव त्याच वेळी द्यायची घाई नाही. नोंद झाल्यापासून वर्षभरात बाळाचं नाव विनाशुल्क टाकता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून. म्हणून घरातला वाद मिटेपर्यंत थांबा, पण एकदा नाव टाकलं की तेच सगळीकडे चालवा. नोंदीत चूक झाली असेल तर दुरुस्ती होते. मन बदललं, ही चूक धरली जात नाही.

हे महत्त्वाचं अशासाठी की १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी, सगळीकडे तोच लागणार. आधारवर 'वानखडे इंगोले', शाळेच्या रजिस्टरात नुसतं 'इंगोले' आणि दाखल्यावर रेघेसकट, असं झालं की संगणक ही तीन वेगळी माणसं समजतो. पासपोर्टच्या खालच्या, यंत्रानं वाचायच्या ओळीत तर संयोगचिन्ह येतच नाही. त्या जागी भरणीचं चिन्ह पडतं. रेघेचं हे असं आहे, म्हणून काही पालक ती न लावता मध्ये जागा सोडतात. तेही चालतं. फक्त एकच पद्धत धरा.

जात वैधतेचं काय?

विदर्भातल्या घरांमध्ये सगळ्यात मोठी धास्ती हीच, आणि ती अनाठायी नाही. पडताळणी समिती वडील, आजोबा, पणजोबा यांचे शाळेचे दाखले आणि जुन्या नोंदी जुळवून पाहते. मुलीचं आडनाव 'वानखडे-इंगोले' आणि आजोबांचं 'इंगोले' असेल तर नातं वंशावळीतून आणि जन्मदाखल्यातून दाखवावं लागतं. आडनाव वेगळं म्हणून जात बदलत नाही. तशी आडनावावरून जात ओळखताही येत नाही: राठोड, चव्हाण, पवार, जाधव ही आडनावं याच जिल्ह्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरही सापडतात आणि त्यातली काही मराठ्यांच्या वाड्यावरही. पण खुलासा करायचं काम अर्जदाराच्या गळ्यात पडतं. वडिलांचं आडनाव जोडनावात शेवटी ठेवलं तर जुन्या नोंदींशी ताळा लावणं त्यातल्या त्यात सोपं जातं.

वारसाहक्काची भीती मात्र सोडून द्या. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागतं ते नात्यामुळे, आडनावामुळे नाही.

आणि पुढची पिढी?

वानखडे-इंगोले मुलीचं लग्न देशमुख-काळे मुलाशी झालं तर नातवंडांना चार आडनावं द्यायची का? जगानं यावर तोडगे काढले आहेत. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, रेघ नसते. बाळाला दोघांकडून एकेक मिळतं आणि कुणाचं आधी ते आई-वडील ठरवतात. जर्मनीत १ मे २०२५ पासून मुलांना जोड आडनाव देण्याची मोकळीक मिळाली, रेघेसह किंवा रेघेविना, पण दोनच्या वर नाही. तिथे राहणाऱ्या मराठी जोडप्यांना ही तरतूद कामाची आहे. भारतात असा नियम नाही. चारातली कोणती दोन ठेवायची किंवा एकच ठेवायचं, हे त्या वेळी ती मुलगी आणि तिचा नवरा ठरवतील. तिला स्वतःचंच आडनाव बदलावंसं वाटलं, तर अठरा पूर्ण झाल्यावर राज्याच्या राजपत्रात नावबदल छापून घेण्याची वाट तिला मोकळी आहे.