चाकांवरच्या घराचा जीर्णोद्धार

अमेरिकी चित्रपटांत एक गाडी आपण कधी ना कधी पाहिलेली असते. मोटारीच्या मागे जोडलेले, गोलसर कडांचे, आरशासारखे चकचकणारे चाकांवरचे घर. त्याचे नाव एअरस्ट्रीम. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ही घरे हौशी मंडळी आजही विकत घेतात. त्यातला जाणता माणूस मात्र बाहेरच्या चकाकीकडे पाहत नाही. तो आत शिरतो, मागच्या कोपऱ्यातला गालिचा उचलतो आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक जमिनीत खुपसून पाहतो. टोक सहज आत गेले, तर पुढच्या वर्षभराच्या सुट्ट्या कशात जाणार हे त्याला कळून चुकते.

या घराची गोष्टही जमिनीपासूनच सुरू होते. वॉली बायम हा 1896 साली ओरेगॉनमध्ये जन्मलेला गृहस्थ. घरच्या घरी असे घर कसे बांधावे, याचे आराखडे विकता विकता तो या धंद्यात आला. त्या काळी अशा गाड्यांत वाकून वावरावे लागे. बायमने चाकांच्या मधली जमीन खाली उतरवली, छत उंच केले आणि माणूस आत ताठ उभा राहू लागला.

अॅल्युमिनियमचे अंग आले ते विमानांच्या कारखान्यातून. चार्ल्स लिंडबर्गने 1927 साली ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला, त्या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणाऱ्या हॉली बोलस यांनी 1934 साली रिव्हेट मारलेल्या पत्र्याचे ‘रोड चीफ’ हे फिरते घर बनवले. त्याचे दार पुढच्या बाजूला होते. बोलस यांचा धंदा टिकला नाही. बायमने ती कल्पना उचलली, दार बाजूला आणले आणि 1936 साली ‘क्लिपर’ बाजारात आणली. किंमत 1,200 डॉलर; मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती. पुढे महायुद्धात अॅल्युमिनियम विमानांकडे वळले आणि हे काम थांबले. युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले.

बायमने या घरांचे तांडेच्या तांडे परदेशी नेले. 1959 साली केपटाउनहून कैरोच्या दिशेने एक तांडा निघाला. बायम 1962 साली वारला. त्यानंतर 1963-64 मध्ये सिंगापूरहून युरोपकडे गेलेला तांडा भारतातूनही गेला. अशा वाटांवर मार खाल्ला तो खालच्या लोखंडाने. छायाचित्रांत झळकला तो वरचा पत्रा.

आता दुखणे कुठे आहे ते पाहू. सर्वांत खाली पोलादी चासी, तिच्यावर प्लायवूडची जमीन आणि तिच्यावर अॅल्युमिनियमचे कवच. कवचाचे बोल्ट प्लायवूडच्या कडेतून जाऊन चासीला भिडतात. म्हणजे साऱ्या घराची पकड त्या लाकडी कडेवर. खिडक्यांचे रबर वाळते, मागच्या दिव्यांभोवतीचे सील सुटते आणि पावसाचे पाणी दोन पत्र्यांच्या मधून उतरून नेमके त्या कडेवर येते. आतली काचतंतूंची लोकर ते धरून ठेवते. पोटाखालचा पत्रा ते लवकर निथळू देत नाही. प्लायवूडचे थर सुटतात, लोखंड गंजते, शेवटी मागचा भाग चासीपासून सुटतो. मागच्या बंपरवर उभे राहिले की कवच आणि बंपर यांच्यात फट उघडते. पत्रा मात्र तसाच चकचकीत.

काहीजण कुजक्या जमिनीवरच नवे प्लायवूड ठोकतात, वर छान रंगाचे आच्छादन घालतात आणि गाडी विकून मोकळे होतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. हमरस्त्यावर वेगात असताना हे सोंग उघडे पडले, तर केवळ पैशांवर निभावत नाही.

खरे काम वेगळे. आतले सामान बाहेर काढायचे, आतला पत्रा रिव्हेट कापून उतरवायचा, कवच वाकू नये म्हणून त्याला आतून लाकडी आधार द्यायचे. मग बोल्ट सोडून कवच उचलायचे आणि चासी खालून ओढून काढायची. गंज घासायचा, कुजलेले हात कापून नवे वेल्ड करायचे. अनेक गाड्यांत 1961 पासून रबराच्या स्प्रिंगचे आस आले. ते रबर दशकांनी दगडासारखे होते आणि प्रत्येक खड्डा थेट कवचाला बसतो. म्हणून आसही बदलावा लागतो. जुन्या तुकड्यांचा फर्मा करून नवी जमीन कापायची आणि जिथे पूर्वी पाणी शिरले, त्या कडा इपॉक्सीने बंद करायच्या. लोखंड आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना भिडले तर अॅल्युमिनियम झिजते, म्हणून त्यांच्यामध्ये पट्टी घालायची. मग कवच पुन्हा खाली आणायचे. रिव्हेट मारायला दोघे लागतात: एक बाहेर बंदूक धरून, दुसरा आत लोखंडी ठोकळा टेकवून.

चासीचा अर्धा भाग आणि पूर्ण जमीन नवी झाल्यावर ही गाडी जुनी म्हणायची का, असा प्रश्न विचारला जातो. आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द आहे. देवळाचा पाया सावरला म्हणून देऊळ नवे ठरत नाही. अपोलो-11 चे अंतराळवीर 1969 साली चंद्रावरून परतल्यावर ज्या फेरफार केलेल्या एअरस्ट्रीममध्ये विलग राहिले, ती संग्रहालयात जपली आहे, आणि तिची जागा तीच. बाकीच्या गाड्या मात्र बायमने रस्त्यासाठी केल्या होत्या. मूळची कुजकी जमीन जपून अंगणात उभी राहिलेली गाडी पाहायला जुनी असेल. पण जिची जमीन नवी झाली आणि जी पुन्हा मोटारीमागे निघाली, तिच्यातच बायमचे काम पुढे चालू राहते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)