कबड्डीतील वेळेचा हिशेब

पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढच्या दशकांत भोसरी, आकुर्डी, चिंचवड ही गावे औद्योगिक वसाहतींनी वेढली गेली आणि हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. तरी येथील तालमींनी आणि मैदानांनी जोपासलेली कुस्ती आणि कबड्डी मागे पडली नाही. कंपन्या, बँका आणि रेल्वे यांच्या संघांत होणाऱ्या व्यावसायिक गटाच्या स्पर्धांमुळे महाराष्ट्रातील कबड्डीपटूला नोकरीची वाट मिळाली, तर वाकडसमोर मुळेच्या पलीकडे, म्हाळुंगे-बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या क्रीडानगरीत पुढे प्रो कबड्डी लीगमधील पुणेरी पलटण या संघाचे सामने होऊ लागले. आघाडी मिळाल्यावर वेग वाढवावा की खेळ संथ करावा, हा तेथे प्रत्येक सामन्यात उभा राहणारा प्रश्न कर्णधाराच्या स्वभावाचा मानला जातो. वस्तुतः त्याचे मूळ नियमांच्या इतिहासात आहे.

हुतूतू या जुन्या रूपात चढाईची मर्यादा चढाईपटूच्या दमाने ठरत असे. एका श्वासात उच्चार चालेल तेवढाच वेळ त्याला प्रतिपक्षाच्या अंगणात राहता येई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुणे, सातारा आणि बडोदा येथील मंडळींनी या खेळाला नियमांची चौकट दिली, १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली आणि १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन येथे त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. त्या काळात खेळाच्या तीन पद्धती प्रचलित होत्या : अमर पद्धतीत बाद झालेला खेळाडू मैदान सोडत नसे आणि केवळ गुण मोजले जात, जेमिनी पद्धतीत संपूर्ण संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच राही, संजीवनी पद्धतीत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी टिपला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येई. अखिल भारतीय महासंघाच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९५० नंतर, संजीवनी पद्धतच सर्वमान्य झाली.

या निवडीचा परिणाम दूरगामी ठरला. दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करत असल्यामुळे कबड्डीत कोणालाही आपली पाळी लांबवून प्रतिपक्षाला ताटकळत ठेवता येत नाही. परंतु त्याचा प्रमुख चढाईपटू बाद करून, त्याला जिवंत करणारा गुण मिळू न देता बाहेर बसवून ठेवता येते. म्हणून ताबा म्हणजे येथे चेंडूवरचा किंवा मैदानावरचा नव्हे, तर प्रतिपक्षाच्या उत्तम खेळाडूच्या वेळेवरचा ताबा होय. सहा किंवा सात बचावपटू मैदानात असताना बोनस रेषा ओलांडून मिळणारा गुण गुणसंख्या वाढवतो, पण त्याने गडी जिवंत होत नाही. त्यामुळे पिछाडीवरील संघाला बोनस घेऊनही त्या कोंडीतून सुटता येत नाही.

ताब्याच्या या खेळाला वेळकाढूपणाची जोड मिळाली, तेव्हा नियमकर्त्यांनी एकेक पळवाट बुजवली. निदान रेषा, म्हणजे मध्यरेषेपलीकडची जी रेषा ओलांडल्याशिवाय रिकामी चढाई वैध ठरत नाही, ती चढाईपटूला किमान पुढे यावयास लावते; प्रो कबड्डीत चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे, आणि लागोपाठ दोन चढायांत गुण न मिळाल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो. दम मोजण्याचे काम अशा रीतीने फुप्फुसांकडून घड्याळाकडे गेले. सामन्याची शेवटची तीन मिनिटे उरली आणि आघाडीवरील संघाने प्रत्येक चढाईत पूर्ण वेळ घेतला, प्रतिपक्षानेही तेवढाच घेतला, तर दोघांच्या वाट्याला तीन-तीनच चढाया येतात. पहिल्या दोन चढाया निदान रेषा ओलांडून परतण्यात घालवता येतात, परंतु तिसरीसाठी प्रमुख चढाईपटू धोक्यात घालायचा की दुय्यम गडी पाठवायचा, हे कर्णधाराला आधीच ठरवावे लागते. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना केलेली पकड एक जादा गुण देते, त्यामुळे आक्रमण करणाऱ्याच्या घाईतच बचावाची संधी दडलेली असते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हाच वाद अधिक उघडपणे खेळला गेला. तेथे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि ते साधले की चेंडू आपल्याकडेच राहतो, म्हणून वेळ खरोखरच साठवता येतो. जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये बफेलो बिल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू हाती घेणारा सूत्रधार, जिम केली सल्लामसलतीसाठी न थांबता स्वतः चाली पुकारत भरधाव आक्रमण करणारा होता. न्यूयॉर्क जायंट्सनी ६० पैकी ४० मिनिटे ३३ सेकंद चेंडू आपल्याकडे ठेवून त्याला बाहेर बसवले आणि सामना २०-१९ असा जिंकला. केलीला मैदानाबाहेर ठेवणे आणि चढाईपटूला बाकावर बसवणे या दोन्हींमागचे तर्कशास्त्र एकच आहे.

प्रो कबड्डीत पुणेरी पलटण डिसेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ अशी हरली आणि १ मार्च २०२४ रोजी अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली हरियाणाला २८-२५ असे नमवून प्रथमच विजेती ठरली. दुसऱ्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ५३ गुण झाले, म्हणजे पहिल्यापेक्षा नऊ कमी; त्या कमी गुणांच्या लढतीत पंकज मोहितेने एकाच चढाईत मिळवलेले चार गुण निर्णायक ठरले. संथ सामन्यात वेग निरुपयोगी होत नाही, उलट त्याचे मोल वाढते, कारण एकदम चार गडी बाद झाले की त्यांना जिवंत करण्यासाठी प्रतिपक्षालाही तितकेच गडी टिपावे लागतात.

अमेरिकेत १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज पोहोचू लागला आणि चाल ठरवण्याचा अधिकार बराचसा मैदानाबाहेर गेला. कबड्डीत प्रशिक्षक रेषेबाहेरून ओरडू शकतो, परंतु एक चढाई संपताच दुसरी सुरू होत असल्यामुळे कोणाला पाठवायचे आणि किती वेळ काढायचा, याचा निर्णय पुष्कळदा सात जणांतच होतो. नियमांनी घड्याळ पंचांच्या हाती सोपवले असले, तरी त्यातील सेकंद कसे खर्चावेत हे ठरवणारा अजून कर्णधारच आहे.